लांडगा कोण? : तीन बालपुस्तके आणि एक निवाडा

ग्रंथपरीक्षण हे काम सामान्यतः साहित्यिकाचे किंवा अध्यापकाचे. हाँगकाँगमध्ये सप्टेंबर 2022 मध्ये तीन बालपुस्तकांचे परीक्षण जिल्हा न्यायालयाने केले, आणि परीक्षणाअंती ती काढणाऱ्या पाच जणांस प्रत्येकी 19 महिन्यांचा कारावास फर्मावला. हे पाचही जण वाचोपचाराचा, म्हणजे मुलांचे अडखळते बोलणे सुधारण्याचा, व्यवसाय करणारे. त्यांच्या संघाने काढलेली पुस्तके मेंढ्यांची व लांडग्यांची, आणि वाचक चार ते सात वर्षांचे. या पुस्तकांचा वाङ्मयीन गुणदोष काय आणि त्यांवरील निवाड्याचा गुणदोष काय, अशा दोन्ही बाजूंनी आम्ही या प्रकरणाकडे पाहू इच्छितो.

प्रथम पार्श्वभूमी. ब्रिटन व चीन यांच्यात 1984 मध्ये झालेल्या संयुक्त घोषणेनुसार हाँगकाँग 1 जुलै 1997 रोजी चीनकडे परत गेले. पन्नास वर्षे तेथील जीवनपद्धती बदलणार नाही, न्यायालये स्वतंत्र राहतील, असे वचन त्या वेळी देण्यात आले होते. तेथील मूलभूत कायद्याच्या 27 व्या कलमात भाषण व मुद्रण यांचे स्वातंत्र्य स्पष्ट लिहिलेले आहे, आणि 39 व्या कलमाने नागरी हक्कांचा आंतरराष्ट्रीय करारही तेथे लागू ठेवला आहे. 2019 मध्ये त्या सरकारने प्रत्यर्पणाच्या कायद्यात दुरुस्ती आणली. आरोपीस चीनच्या मुख्य भूमीवरील न्यायालयांच्या हवाली करता यावे, असा तिचा एक परिणाम होता. लोक बिथरले ते येथेच. 9 जूनच्या मोर्चात संयोजकांच्या मते दहा लाखांहून अधिक, तर पोलिसांच्या मते 2 लाख 40 हजार माणसे होती. आपल्या माणसाचा न्याय आपल्या न्यायासनासमोर व्हावा, ही त्यांची मागणी. शिक्षा भोगण्यासाठी ट्रिस्टाव ब्रागांझा कुन्हा यांना सातासमुद्रापलीकडे पोर्तुगालमधील पेनीशच्या किल्ल्यात नेलेले ज्या गोमंतकाने पाहिले, त्याला या भीतीचा अर्थ फोड करून सांगावयास नको. ते विधेयक अखेर ऑक्टोबर 2019 मध्ये रीतसर मागे घेण्यात आले.

पहिले पुस्तक याच आंदोलनावरचे. लांडगे मेंढ्यांचे गाव बळकावू पाहतात आणि स्वभावाने गरीब मेंढ्या शेवटी शिंगे रोखून उभ्या राहतात. दुसऱ्यात लांडगे येऊन गावात घाण करतात म्हणून झाडलोट करणाऱ्या मेंढ्या काम थांबवितात. 2020 च्या साथीच्या प्रारंभी सीमा बंद करा म्हणून रुग्णालयांतील सेवकांनी केलेल्या संपाची ही छाया. तिसऱ्यात बारा मेंढ्या नावेतून पळून जाताना लांडग्यांच्या तावडीत सापडतात. ऑगस्ट 2020 मध्ये बारा हाँगकाँगवासी नौकेने तैवानकडे निघाले असता चिनी तटरक्षकांनी त्यांस पकडून शेंझेनला नेले, तोच हा प्रसंग.

आता गुणदोष. प्राण्यांच्या मिषाने मुलांस राजनीती सांगणे गैर, असे म्हणणाऱ्याने आधी विष्णुशर्म्यास आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करावे लागेल. सिंहाला विहिरीत स्वतःचेच प्रतिबिंब दाखवून बुडविणारा ससा आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या देवळाच्या ओसरीवर सांगितला गेला, आणि ऐकणारी मुले राजद्रोही निपजली नाहीत. परंतु पंचतंत्रातला सिंह कोण, हे विष्णुशर्मा सांगत नाही. म्हणून ती कथा दर पिढीला आपापला सिंह शोधू देते. या पुस्तकांनी तो अवकाश ठेवला नाही. पहिल्या पुस्तकाच्या प्रस्तावनेतच आंदोलनाचा उल्लेख आहे. कोडे घालणाऱ्याने उत्तर आधीच सांगून टाकले तर ऐकणाऱ्यास काय उरते?

दुसरा दोष याहून मोठा आहे. काकासाहेब खाडिलकरांचे ‘कीचकवध’ 1907 मध्ये रंगभूमीवर आले. कीचक म्हणजे कर्झन हे प्रेक्षकांस सांगावे लागले नाही, आणि सरकारासही नाही. 1910 मध्ये नाटकावर बंदी आली. परंतु खाडिलकरांनी भीमासमोर कंकभट्ट उभा केला आहे. संयमाची बाजू मांडणारा तो युधिष्ठिर पुरा दुबळा नाही, आणि त्याच्या बोलण्यामुळेच भीमाच्या क्रोधाला वजन येते. मेंढ्यांच्या गावात कंकभट्ट नाही. सर्व मेंढ्या निर्मळ, सर्व लांडगे दुष्ट. शिंगे उगारण्यापूर्वी कोणा म्हाताऱ्या मेंढीने शंका घेतली असती, तर कथा बाळबोध न राहता खरोखर मुलांची झाली असती. 2019 च्या आंदोलनात दगडफेक व जाळपोळही झाली होती. तिची सावली या हिरव्या कुरणावर पडत नाही, हा सत्याशी केलेला संकोच होय.

एवढे दोष दाखविल्यावर टीकाकाराचे काम संपते. पुस्तक फिके वाटल्यास वाचकाने ते खाली ठेवावे. न्यायालयाने मात्र निराळी कसोटी लावली. बालमनावर काय ठसा उमटेल याचा अंदाज बांधून त्याने लांडगे म्हणजे चीनचे शासन असा अर्थ निश्चित केला, आणि त्या शासनाविषयी द्वेष उत्पन्न करण्याचा हेतू शाबीत धरला. हिंसा घडल्याचा पुरावा त्यास आवश्यक वाटला नाही.

ज्या कलमांखाली हे घडले ती चिनी नव्हेत. ती ब्रिटिशांनी 1938 मध्ये हाँगकाँगसाठी केलेल्या राजद्रोहविषयक अध्यादेशातून उतरलेली. सरकारविषयी द्वेष, तुच्छता, अप्रीती: हे शब्द मराठी माणसाच्या परिचयाचे आहेत. 1897 मध्ये टिळकांवर खटला झाला तो ‘केसरी’त शिवाजी व अफझलखान यांविषयी आलेल्या मजकुरावरून, तेव्हाही प्रश्न हाच की अफझलखान म्हणजे कोण. न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी अप्रीती म्हणजे प्रीतीचा अभाव असा अर्थ ज्यूरीला सांगितला आणि टिळकांस 18 महिने मिळाले. साम्राज्य गेले, कलम राहिले. परक्या धन्याचे कुलूप नव्या धन्याने फेकून दिले नाही. आपण तरी या बाबतीत मिशा पिळू नयेत. आपल्याकडील 124-अ हे कलम सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये स्थगित करीपर्यंत चालूच होते, आणि 2024 पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेतही त्याच्याशी नाते सांगणारे 152 वे कलम आहे.

हे जुने शस्त्र पाजळले ते नव्या कायद्याने. चीनच्या राष्ट्रीय लोकसभेच्या स्थायी समितीने 30 जून 2020 रोजी हाँगकाँगसाठी राष्ट्रीय सुरक्षा कायदा मंजूर केला. लागू होईपर्यंत त्याची संहिता तेथील जनतेस पाहावयास मिळाली नाही. एकंदर 66 कलमे. चौथ्या कलमात मानवी हक्कांच्या रक्षणाची ग्वाही आहे. 42 व्या कलमाने जामीन हा अपवाद ठरतो. 55 व्या कलमाने काही खटले थेट मुख्य भूमीच्या न्यायालयांकडे जाऊ शकतात. ज्या प्रत्यर्पणाविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले, ते प्रत्यर्पणाचे नावही न घेता मागल्या दाराने आत आले. जामिनाचा हा कठोर नियम राजद्रोहाच्या आरोपासही लागू होतो, असे तेथील सर्वोच्च न्यायासनाने डिसेंबर 2021 मध्ये ठरविले. म्हणून हे आरोपी निकालापूर्वीच वर्षाहून अधिक काळ तुरुंगात होते.

राज्याला आपले रक्षण करण्याचा अधिकार आहे, आणि कोवळ्या मनात वैर पेरू नये, हे दोन्ही आम्हांस मान्य आहे. पण सुरक्षेची व्याख्या जेथे सैल आणि अर्थ लावणारा एकच, तेथे हक्काचे कलम मखरात बसविलेल्या मूर्तीप्रमाणे केवळ शोभेचे उरते. स्वायत्ततेची खरी परीक्षा सनदेतील अक्षरांत नसते. सामान्य माणसाने सांगितलेल्या नावडत्या गोष्टीचे पुढे काय होते, यात ती असते.

त्या गोष्टीचे पुढे असे झाले. 2023 मध्ये हीच पुस्तके परदेशातून मागविल्याबद्दल एका माणसास चार महिन्यांची शिक्षा झाली. मार्च 2024 च्या नव्या अध्यादेशाने जुनी कलमे गेली, परंतु राजद्रोहाची कमाल शिक्षा दोन वर्षांवरून सात वर्षांवर, आणि परकीय शक्तींशी संगनमत असल्यास दहा वर्षांवर गेली. तीन सामान्य पुस्तके लवकरच विस्मृतीत गेली असती. निवाड्याने त्यांना दीर्घायुष्य दिले, आणि लांडगा कोण या प्रश्नाचे प्रस्तावनेपेक्षाही उघड उत्तर त्यांच्या शेवटी जोडून दिले.