हरित इमारतीचा मीटर कोण वाचतो?

हल्ली एखाद्या मोठ्या कंपनीच्या कार्यालयात गेले की दर्शनी भिंतीवर एक पाटी दिसते. इमारत 'हरित' आहे, तिला रौप्य, सुवर्ण किंवा प्लॅटिनम दर्जा मिळाला आहे, असे त्या पाटीवर लिहिलेले असते. एक आकडा मात्र तिच्यावर सहसा नसतो : गेल्या वर्षी या इमारतीने दर चौरस मीटरमागे किती युनिट वीज वापरली? आमचे भांडण त्या न छापलेल्या आकड्यासाठी आहे.

दर्जाचे गुण बरेचसे नकाशावर मिळतात. भिंती कशा असतील, काच कोणती, दिवे किती वॅटचे, हे संगणकाला सांगून वर्षाच्या वीजवापराचा अंदाज काढतात आणि त्या अंदाजाला गुण देतात. शिक्षकांच्या भाषेत सांगायचे तर विद्यार्थ्याने जूनमध्ये सादर केलेले अभ्यासाचे वेळापत्रक पाहून एप्रिलचा निकाल लावण्यासारखेच हे झाले. वेळापत्रक खोटे नसते, पण ते पाळले का, हे पाहायला कोणीतरी पुन्हा जावे लागते.

अमेरिकेत तसे पाहिले गेले. तेथील 'लीड' या मानांकनाच्या १२१ इमारतींचा अभ्यास न्यू बिल्डिंग्ज इन्स्टिट्यूट या संस्थेने २००८ साली प्रसिद्ध केला आणि त्या इमारती सरासरी २५ ते ३० टक्के ऊर्जा वाचवतात असा निष्कर्ष काढला. ओबर्लिन कॉलेजातील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक जॉन स्कोफील्ड यांनी तीच आकडेवारी पुन्हा तपासली. त्यांचे आक्षेप दहावीच्या संख्याशास्त्रातले आहेत, म्हणून ते येथे देतो. हरित इमारतींचा मध्यक घेतला होता आणि तुलनेच्या इमारतींचा मध्य, म्हणजे सरासरी. थोड्या इमारती फार वीज खात असतील तर मध्य वर सरकतो, मध्यक फारसा हलत नाही. शिवाय लहानशा इमारतीला आणि अजस्र इमारतीला सारखेच वजन दिले होते. विजेचे एक युनिट तयार करायला वीजकेंद्रात सुमारे तीन युनिटांइतके इंधन जळते, तेही हिशेबात नव्हते. हे सारे धरून २००९ साली त्यांनी दाखवले की कार्यालयांच्या बाबतीत मूळ इंधनाची बचत दिसतच नाही. पुढे न्यूयॉर्क शहराने मोठ्या इमारतींचा ऊर्जावापर जाहीर करणे बंधनकारक केले. त्या आकड्यांवरून २०१३ मध्ये त्यांनीच लिहिले, की सुवर्ण दर्जाच्या इमारती इतरांपेक्षा सुमारे २० टक्के सरस होत्या, पण त्याखालच्या दर्जांच्या नव्हत्या. म्हणजे सगळे ढोंग आहे असे मुळीच नाही. पण पाटीवरून ते कळत नाही.

आपल्याकडे ऊर्जा दक्षता ब्यूरो (बी.ई.ई.) २००९ पासून कार्यालयीन इमारतींना वर्षभराचा प्रत्यक्ष वापर पाहून तारे देते, ही गोष्ट आम्हाला अधिक प्रामाणिक वाटते. ती ऐच्छिक आहे, एवढीच खंत.

मोजून पाहण्याचे एक सुंदर उदाहरण हैदराबादचे आहे. इन्फोसिस कंपनीने २०११ साली तेथे एक इमारत बांधली आणि तिचे दोन समान भाग केले. एका भागात थंड हवा खेळवणारे नेहमीचे, पण उत्तम प्रतीचे वातानुकूलन. दुसऱ्या भागात छताच्या काँक्रीटमध्ये नळ्या गाडून त्यांतून थंड पाणी फिरवले. भिंती, खिडक्या, माणसे, कामाच्या वेळा दोन्हीकडे सारख्या. पाठ्यपुस्तकात आपण ज्याला नियंत्रित प्रयोग म्हणतो, तो येथे अख्ख्या इमारतीवर झाला. पहिल्या दोन वर्षांत पाण्याच्या भागाने वातानुकूलनासाठी ३४ टक्के कमी वीज घेतली, आणि उभारणीचा खर्चही किंचित कमीच आला.

यामागचे विज्ञान साधे आहे. तेवढ्याच आकारमानाच्या हवेपेक्षा पाणी सुमारे साडेतीन हजार पट उष्णता वाहून नेते. मग मोठमोठ्या पंख्यांनी हवा ढकलत बसण्यापेक्षा छोट्या पंपाने पाणी फिरवणे स्वस्त पडणारच. एक अडचण मात्र आहे. दमट हवेत थंड छताला दव सुटते आणि ते कामाच्या मेजावर ठिबकेल. म्हणून बाहेरून घ्यायची ताजी हवा आधी कोरडी करावी लागते. ऐन पावसाळ्यात मुंबईला हे काम हैदराबादहून बरेच जड जाईल. हरित तंत्रेही गावचे हवामान पाहून निवडावी लागतात. काचेच्या पेट्या उभारणाऱ्यांना हे कोणी सांगावे?

आता डेटा सेंटरकडे वळू. नवी मुंबईत महापे, रबाळे, ऐरोली भागांत अशा इमारती मोठ्या संख्येने उभ्या राहिल्या आहेत; समुद्राखालच्या तारा मुंबईच्या किनाऱ्याला लागतात, हे त्याचे एक मोठे कारण. आत हजारो संगणक अहोरात्र चालतात. संगणकाने घेतलेली जवळजवळ सगळी वीज अखेर उष्णताच होते. त्या दृष्टीने तो आणि विजेची शेगडी यांत फरक नाही. ही उष्णता बाहेर काढायला पुन्हा वीज लागते.

या इमारती जोखायला २००७ च्या सुमारास एक गुणोत्तर रूढ झाले, पी.यू.ई. संपूर्ण इमारतीच्या विजेला संगणकांच्या विजेने भागायचे. संगणकांना १०० युनिटे आणि बाकी सगळ्याला ६०, तर उत्तर १.६. जितके १ च्या जवळ तितके चांगले. या आकड्याने कामही केले. पाहणीतील केंद्रांची सरासरी २००७ मध्ये २.५ च्या आसपास होती, ती १.६ च्या आसपास उतरली; गूगलसारख्या कंपन्या तर १.१ पर्यंत पोचल्या. आमची तक्रार आकड्याविरुद्ध नाही, त्याला प्रशस्तिपत्र करण्याविरुद्ध आहे.

वरच्याच उदाहरणात जुने संगणक काढून काटकसरी बसवले. त्यांची वीज १०० वरून ७० झाली, बाकीची ६० वरून ५०. कारण दिवे आणि ट्रान्सफॉर्मरमधील घट फारशी बदलत नाही. एकूण १६० चे १२० झाले, पाव हिस्सा वीज वाचली. गुणोत्तर मात्र १.७१, म्हणजे बिघडले! उलट करून पाहा. खोलीचे तापमान वाढवले, थंडाव्याची वीज ६० वरून ५२ झाली. पण संगणकांतले छोटे पंखे जोरात फिरू लागले. पंख्याची वीज वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, आणि हे पंखे संगणकांच्या खात्यावर मांडले जातात. तिकडे १०० चे ११० झाले. एकूण १६२, गुणोत्तर १.४७. वीज जास्त गेली आणि जाहिरातीत सुधारणा झळकली.

पाणी तर या गुणोत्तरात नाहीच. बाष्पीभवनाने थंडावा मिळवला की वीज कमी लागते आणि आकडा सुधारतो. पण एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल, आणि एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २४ लाख ज्यूल उष्णता शोषली जाते. म्हणजे युनिटामागे दीड लिटर. एक मेगावॉट उष्णता दिवसभर अशीच काढली तर ३६,००० लिटर पाणी उडून जाते, दहा हजार लिटरचे साडेतीन टँकर. पाण्याचे वेगळे गुणोत्तर आहे. ते इतक्या कौतुकाने छापलेले आमच्या तरी पाहण्यात नाही.

२०१० ते २०१८ या काळात जगातील डेटा सेंटरांचे काम सुमारे साडेसहा पट झाले आणि वीज फक्त ६ टक्क्यांच्या आसपास वाढली, असा अंदाज २०२० साली 'सायन्स' मध्ये प्रसिद्ध झाला होता. कार्यक्षमतेचा तो खरा विजय होता. पण भागाकार १ च्या खाली जाऊ शकत नाही. १.१ वर पोचलेल्याला उरलेली जास्तीत जास्त बचत ९ टक्के. कृत्रिम बुद्धिमत्तेची मागणी मात्र कोणत्याही छताला टेकलेली नाही. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने २०२४ चा वापर सुमारे ४१५ अब्ज युनिटे, जगाच्या विजेच्या दीड टक्का, असा काढला आणि २०३० पर्यंत तो दुपटीहून अधिक होईल असे म्हटले. वाफेची इंजिने काटकसरी झाल्यावर इंग्लंडचा कोळसा कमी न होता अधिक जळू लागला, हे जेव्हन्सने १८६५ मध्येच लिहून ठेवले होते.

हा हिशेब शाळेतही करता येतो. संगणक-खोलीत शंभर वॅटचे दहा संगणक आणि दीड हजार वॅट घेणारे वातानुकूलन यंत्र असेल, तर गुणोत्तर २.५. यंत्र बंद करून, खिडक्या उघडून ७५ वॅटचे दोन पंखे लावा : ते १.१५ वर येईल, नामांकित केंद्रांच्या पंगतीला. आणि दहापैकी सहा संगणक कोणी न वापरता नुसतेच चालू ठेवले असतील, तरी ते १.१५ च दाखवील.