ॲमिलॉइडचे चित्र आणि रोगाची व्याख्या

आलोइस अल्झायमर यांनी १९०६ साली ट्यूबिंगेन येथे ज्या रुग्णेची हकीकत सांगितली, तिच्या मेंदूतील विचित्र द्रव्याचे साठे त्यांना ती निवर्तल्यावरच पाहता आले. हे साठे ॲमिलॉइड प्रथिनाचे होत, हे पुढे सिद्ध झाले. जिवंत मेंदूत ते दाखविण्याची युक्ती पिट्सबर्ग विद्यापीठातील क्लंक व मॅथिस यांची. ऊतींचे काप रंगविण्याच्या थायोफ्लेव्हिन-टी या रंगद्रव्यात फेरफार करून त्यांनी नवे द्रव्य सिद्ध केले, त्यात किरणोत्सर्गी कार्बन-११ गुंफला, आणि स्वीडनमधील उप्साला येथील संशोधकांसह १६ रुग्ण व ९ निरोगी व्यक्ती यांचे पॉझिट्रॉन-चित्रण २००४ मध्ये प्रसिद्ध केले. कार्बन-११ चा अर्धायुकाल अवघा २० मिनिटांचा. त्यामुळे ही तपासणी सायक्लोट्रॉनच्या आवाराबाहेर पडेना. सुमारे ११० मिनिटांच्या फ्लोरीन-१८ ने ती अडचण दूर केली, आणि २०१२ मध्ये अमेरिकेत फ्लॉरबेटापिरला मान्यता मिळाली.

येथवरच्या कामगिरीविषयी दुमत होण्याचे कारण नाही. आक्षेप आहे तो पुढच्या पावलावर. अमेरिकेतील अल्झायमर्स असोसिएशनने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निकषांत रोगाची व्याख्या केवळ जैविक खुणांवर बसविली आहे. ॲमिलॉइडचे चित्र सदोष निघाले, की स्मृती शाबूत असली तरी रोग आहेच, असे त्यांत मानले आहे. लक्षणे नसलेल्या व्यक्तीची नित्याच्या वैद्यकीत अशी तपासणी करू नये, असेही तेच निकष सांगतात. ही सावधगिरी स्तुत्य खरी, परंतु व्याख्येवरील विश्वासाशी ती फारशी जुळत नाही.

नैयायिकांच्या परिभाषेत हा अतिव्याप्तीचा दोष होय. यान्सेन व सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये अनेक अभ्यासांतील चित्रणे व मस्तिष्क-मेरुद्रवाच्या तपासण्या एकत्र करून पाहिल्या. स्मृती शाबूत असलेल्यांत ॲमिलॉइडचे प्रमाण पन्नाशीच्या वयाला सुमारे १० टक्के, तर नव्वदीच्या वयाला ४४ टक्के भरले. यांतील पुष्कळजण स्मृतिभ्रंश न होताच आयुष्य संपवितात. निकषांचे समर्थक म्हणतात की ही रोगाची मूकावस्था आहे. त्यात तथ्य नाही असे नाही, कारण अशा व्यक्तींना धोका निश्चितपणे अधिक असतो. तथापि धोका आणि रोग यांना एकच नाव दिल्याने धोक्याचे ज्ञान तसूभरही वाढत नाही. आंतरराष्ट्रीय कार्यगटाने २०२४ मध्येच या व्याख्येस विरोध नोंदवून लक्षणांचा आग्रह धरला, तो याच कारणाने. शिवाय रुग्णाच्या लक्षणांशी ॲमिलॉइडपेक्षा टाऊ या दुसऱ्या प्रथिनाच्या स्थानाचा मेळ अधिक बसतो. टाऊच्या चित्रणास अमेरिकेत २०२० मध्ये मान्यता मिळालेली आहे.

उपचारांचा पुरावा याहून बोलका आहे. लेकॅनेमॅबच्या १८ महिन्यांच्या चाचणीत ॲमिलॉइडची सरासरी सुमारे ७८ सेंटिलॉइडवरून २३ वर उतरली, म्हणजे चित्र बहुतांशी स्वच्छ झाले. स्मृती व नित्यव्यवहार मोजणाऱ्या १८ गुणांच्या श्रेणीवर मात्र औषध घेणाऱ्यांची १.२१ गुणांनी घसरण झालीच. न घेणाऱ्यांची १.६६ झाली. फरक ०.४५ चा. तो क्षुल्लक म्हणून टाकून देणे अन्यायाचे होईल, परंतु चित्र म्हणजेच रोग असता तर दोन्ही आकड्यांत एवढी तफावत पडावयास नको होती. आणि या औषधाच्या अमेरिकी मान्यतापत्रात नुसते सदोष चित्र पुरत नाही. स्मृतीची सौम्य हानी किंवा सौम्य स्मृतिभ्रंश असलेल्यांनाच ते सुरू करावयाचे आहे.