खाकी कोट आणि आपली कविता

एक जानेवारीच्या अंकासाठी आलेल्या कवितांचा गठ्ठा संपादकांनी माझ्याकडं उंद्रीला धाडला. म्हणाले, वाचा आणि चार ओळी लिहा. वाचल्या. चार ओळींत भागणार नाही, म्हणून हे लांबण लावतोय.

जवळपास प्रत्येक कवितेत भीमा नदी आहे, तलवार आहे, पाचशेंचा आकडा आहे. लिहिणारी पोरं आपली आहेत, तळमळीची आहेत. मीही ऐन उमेदीत अशाच कविता केल्या आणि सभांमधून टाळ्या घेतल्या. तेव्हा हा आक्षेप माझ्यावरही आहे असं समजा. आक्षेप असा : आपल्या कवितेतला शिपाई लढायला जातो, पण घरी परत येत नाही. तो मेलेला नसतो. कवितेलाच तो परत यायला नको असतो. कारण परत आला की त्याला गावकुसाबाहेर जावं लागतं, आणि तिथं आपली कविता अडखळते.

कोरेगावच्या स्तंभावर मेलेल्यांची नावं आहेत. त्यांत बावीस नावांच्या शेवटी 'नाक' आहे. १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब त्या स्तंभापुढं उभे राहिले आणि आपल्याला आपला इतिहास दिसला. हे मोठंच झालं, त्याबद्दल वाद नाही. पण त्या बावीस जणांच्या घरातल्या बायांचं पुढं काय झालं, हे स्तंभ सांगत नाही. दगडाकडून ती अपेक्षा नाही. कवीकडून आहे.

आणि पुढचा हिशेब बघा. १८१८ ला ज्यांच्या जिवावर लढाई निभली, त्यांच्या नातवा-पणतवांना १८९२ च्या सुमारास भरतीचं दार बंद झालं. लढाऊ जाती कोणत्या ते साहेबानं ठरवलं, आणि त्यात आपण बसलो नाही. गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज लिहिले. शिवराम जानबा कांबळ्यांनी १९१० ला विलायतेतल्या भारतमंत्र्यापर्यंत अर्ज नेला. दार हललं नाही. मग पहिलं महायुद्ध आलं, माणूस कमी पडायला लागला, आणि १९१७ ला १११ वी महार पलटण उभी राहिली. लढाई संपली, १९२१ ला पलटण मोडली. १९४१ ला पुन्हा माणूस कमी पडला. १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात महार रेजिमेंट सुरू झाली, दुसरी बटालियन आपल्या कामठीला उभी राहिली. उत्तरेत १९४३ ला चमार रेजिमेंट काढली. ती पोरं कोहिमाला लढली, आणि १९४६ ला ती रेजिमेंटही मोडली. गरज सरो, वैद्य मरो. म्हण जुनीच आहे, पण इथं तारखा लावून दाखवता येते.

आता मला सांगा, १८१८ वर शेकड्यानं कविता आहेत. १९२१ वर किती आहेत? पलटण मोडली त्या दिवशी बिस्तरा बांधून गावाकडं निघालेल्या माणसावर आपण काय लिहिलं?

कोणी म्हणेल, बाबासाहेबांनीच तर पोरांना फौजेत जा म्हटलं. म्हटलं, आणि डोळे उघडे ठेवून म्हटलं. हिटलर जिंकला तर समतेचं नावच पुसलं जाईल, हे त्यांना दिसत होतं. पलटणीनं एका घराला पगार, शाळा आणि ताठ मान कशी दिली, तेही त्यांनी सुभेदार रामजींच्या घरात पाहिलं होतं. पण त्यांनी तिथंच हिशेब बंद केला नाही. जुलै १९४२ पासून व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं त्यांच्याकडं होतं. १९४५ मध्ये फौजेतून सुटणाऱ्यांना काम लावून देण्यासाठी एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज निघाली ती याच खात्याखाली. लढाईनंतर शिपाई कुठं जाईल, ही काळजी बाबासाहेबांना होती. ती आपल्या कवितेला नाही, एवढंच माझं म्हणणं.

प्रस्थापितांकडं बघू. विश्राम बेडेकरांची 'रणांगण' १९३९ ची. युरोपातून निघालेली बोट, त्यावर जर्मनीतून हाकललेले ज्यू, चक्रधर आणि हेर्टा. वंशाच्या नावानं माणसाला घरातून काढलं की त्याचं काय होतं, हे मराठीत इतक्या लवकर कोणी लिहिलं नव्हतं. कादंबरी चांगली आहे, वाचा. पण माणसाला जन्मावरून बाहेर बसवणारी बोट बघायला मराठी वाचकाला समुद्रात जावं लागलं. ती त्याच्या गावाच्या शिवेवर बांधलेलीच होती. मर्ढेकरांच्या 'काही कविता' १९४७ च्या. युद्धानं यंत्र झालेला शहरी माणूस त्यांत आहे. त्यांचा कंटाळा खरा आहे. पण कंटाळा यायला आधी पोटात काहीतरी लागतं.

पोटापासून लढाई सांगितली ती अण्णा भाऊंनी. वाटेगावच्या मांगवाड्यातून मुंबईला आलेला हा माणूस स्टालिनग्राडवर पोवाडा रचतो आणि त्याच काळात बंगालच्या उपासमारीवरही गातो. १९४३ चा बंगालचा दुष्काळ ही लढाईचीच दुसरी बाजू आहे, हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. भुकेल्याला ते कळतं. दुर्दैव असं, की आपण अण्णा भाऊंचा आवाज उचलला, नजर उचलली नाही.

कारण लढाई शिपायाच्याच पायानं घरात येते असं नाही. आमची उंद्री चिखली-खामगाव रस्त्यावर. तिकडं अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध झालं. दक्षिणेतल्या गुलामांनी वेचलेला कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेना, आणि वऱ्हाडच्या कापसाचा भाव चढला. लढाई संपली, भाव उतरला. १८७० ला खामगावला रेल्वे आली ती त्या कापसासाठीच. तिकडं काळी बाई वेचत होती, इकडं आमची माय वेचत होती. एकीच्या देशात लढाई, दुसरीच्या रानात भाव. दोघींनी एकमेकींचं नावही ऐकलं नसेल.

आणि दुसरं महायुद्ध? ते तर अजून आपल्या जिभेवर आहे. रेशनच्या दुकानाला आपल्याकडं 'कंट्रोल' म्हणतात. हा शब्द कुठून आला? लढाईच्या काळात धान्यावर, कापडावर, घासलेटवर सरकारनं कंट्रोल बसवला. १९४३ ला कापडाचा कंट्रोल आला. लढाई संपली, साहेब गेला, शब्द राहिला. आपल्या म्हाताऱ्या 'कंट्रोलचे गहू' म्हणाल्या, तेव्हा त्या महायुद्धाचा इतिहासच सांगत होत्या. आपण ऐकला नाही.

माझी आजी सांगायची. आजा १९४२ ला कामठीला भरती झाला, १९४६ ला सुटून आला. अंगात खाकी कोट. तो कोट बघायला वाड्यातली पोरं जमली. आठ दिवस बरे गेले. नवव्या दिवशी निरोप आला, महारकीची पाळी तुमची आहे. आजी म्हणायची, "लढाईतून आला, अन् त्याच दारात भाकर मांगाले गेला. कोट घालून कसा जाईल? कोट काढून गेला." गावाचं नाव देत नाही. कोणत्याही गावाचं टाका, चालेल. पुढं त्या कोटाची आजीनं वाकळ केली. त्या वाकळेत मी लहानाचा मोठा झालो, आणि मोठा झाल्यावर तलवारीवर कविता लिहिल्या! वाकळेवर एकही नाही.

'कोट काढून गेला' हे तीन शब्द ज्या दिवशी आपल्या कवितेत येतील, त्या दिवशी तिला युद्धकविता म्हणेन.

अमेरिकेतल्या काळ्यांनी हे केलं. १९७२ ला आपण पँथर हे नाव त्यांच्याकडून घेतलं. १९४६ ला बाबासाहेबांनी डुबॉय यांना पत्र लिहिलं होतं. नातं जुनं आहे, म्हणून त्यांचं लिहिणंही बघू. १९४२ च्या आरंभी 'पिट्सबर्ग कुरियर' या काळ्यांच्या पेपरानं दोन विजयांची मागणी लावली : एक बाहेरच्या फॅसिस्टांवर, एक घरातल्या वर्णद्वेषावर. तिची सुरुवात एका साध्या वाचकाच्या पत्रातून झाली. तो कॅन्सस राज्यात विमानाच्या कारखान्यातल्या उपाहारगृहात काम करायचा. पुढारी नव्हता, कवी नव्हता.

मग लढाई संपली. फेब्रुवारी १९४६ मध्ये आयझॅक वुडर्ड नावाचा काळा सार्जंट फौजेतून सुटल्या दिवशीच, अंगात गणवेश असताना, बसनं घरी निघाला. साऊथ कॅरोलिनात पोलिसांनी त्याला उतरवून इतकं मारलं की दोन्ही डोळे गेले. मारणारा अधिकारी गोऱ्या ज्यूरीपुढं निर्दोष सुटला. पण काळ्यांच्या संघटना गप्प बसल्या नाहीत. त्यांनी ते नाव देशभर नेलं. जुलै १९४८ ला राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांना फौजेतला भेदभाव बंद करण्याचा हुकूम काढावा लागला, त्यामागं असल्या घटनांवर पेटलेला राग होता. शिपाई परत आल्यावर त्याच्याशी काय झालं, हेच त्यांनी हत्यार केलं. आपण ती गोष्ट लाजेनं झाकली.

साहित्यातही तेच. ग्वेंडोलिन ब्रुक्स या काळ्या कवयित्रीचा 'अ स्ट्रीट इन ब्रॉन्झव्हिल' हा पहिला संग्रह १९४५ चा. त्यात शिकागोच्या काळ्या वस्तीतल्या कोंदट खोल्या आहेत आणि त्याच पुस्तकाच्या शेवटाला काळ्या शिपायांच्या कविता आहेत. खोली आणि रणभूमी एकाच पुठ्ठ्यात. स्टड्स टर्केल या गोऱ्या पत्रकारानं १९८४ ला 'द गुड वॉर' काढलं. शिपाई, कारखान्यातल्या बाया, छावणीत डांबलेले जपानी-अमेरिकन, सगळ्यांना बोलतं केलं. 'चांगलं युद्ध' हे शब्द त्यानं अवतरणात टाकले, कारण ते शब्द एकमेकांशेजारी बसत नाहीत.

आपल्याला हे जमणार नाही असं नाही. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी गावोगाव, वस्तीवस्तीत जाऊन चळवळीतल्या बायांना बोलतं केलं, आणि १९८९ ला 'आम्हीही इतिहास घडवला' आलं. तीच वाट लढाईसाठी धरा. महायुद्धातले म्हातारे बहुतेक गेले. त्यांच्या लेकी-सुना आहेत. विचारा : मनिऑर्डर कोणी वाचून दिली? कंट्रोलच्या लुगड्यात किती जणींनी भागवलं? आला त्या दिवशी कोण भेटायला आलं, कोण आलं नाही? कोटाचं काय केलं?

हे जुनं उकरणं नाही. पहाटे या खामगाव रस्त्यावर उभे राहा. भरतीसाठी पळणारी पोरं दिसतील, त्यांत आपली पुष्कळ. २०२२ ला अग्निपथ योजना आली : चार वर्षांची नोकरी, आणि त्यातल्या पाव हिश्शापर्यंतच पोरं पुढं ठेवायची, असा तिचा नियम. उरलेली परत येणार. त्यांच्या परत येण्याची कविता आपल्याजवळ तयार नसेल, तर त्यांच्या हातात आपण काय देणार आहोत? पुन्हा तलवार?

गठ्ठा संपादकांना परत पाठवतोय. एक कविता वेगळी काढून ठेवली आहे. एका पोरीची आहे, कच्ची आहे, दोन ठिकाणी लय तुटते. तिच्यात शिपायाची बायको पत्र वाचून घ्यायला शाळेच्या मास्तराच्या ओट्याखाली उभी आहे. ती छापा. बाकीच्यांना म्हणावं, घरी जा, वाकळ उसवून बघा.

जय भीम.