विस्मयाचा स्थायीभाव

‘नवलाई’, ‘हें आपणांस ठाऊक आहे काय?’ अशा मथळ्यांखालीं जें लहानसहान वाङ्मय नियतकालिकांतून प्रसिद्ध होतें, त्याची दखल टीकाकार सहसा घेत नाहींत. घरोघरीं मात्र तेंच आधीं वाचलें जातें. तेव्हां त्याची परीक्षा कोणत्या कसोटीनें करावी, हा प्रश्न उपेक्षणीय नव्हे.

उदाहरणासाठीं चंद्रपूर आणि १९८२ सालीं त्यांतून वेगळा झालेला गडचिरोली, हे दोन अरण्यमय जिल्हे घेऊं. त्यांच्या संबंधांत तीन नवलें सांगतां येतात. पहिलें, आफ्रिका, भारत, ऑस्ट्रेलिया हे ज्या प्राचीन महाखंडाचे तुकडे, त्यास गोंडांच्या देशाचें नांव आहे. दुसरें, १९१२ सालीं दक्षिण ध्रुवाहून परततांना मरण पावलेल्या कप्तान स्कॉट यांच्या तंबूपाशीं पस्तीस पौंड दगड सांपडले; त्यांत ग्लॉसोप्टेरिस नामक वनस्पतीचीं पानें होतीं, आणि बल्लारपूरचा कोळसा ज्या अरण्यापासून झाला, त्यांतही तीच वनस्पति होती. तिसरें, प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यांतील एका प्रचंड डायनोसॉरला १९७५ सालीं रवींद्रनाथ ठाकुरांचें नांव देण्यांत आलें.

तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण केवळ खरेपणानें लेखनाचें कार्य होत नाहीं. पहिलीं दोन नवलें वस्तुतः एकच आहेत. मेडलिकॉट यांनीं १८७२ सालीं ‘गोंडवन’ ही संज्ञा योजिली, ती मध्य भारतांतील खडकांपुरती. १८८५ सालीं व्हिएन्नाच्या स्यूस यांनीं ती एका लुप्त भूमीस दिली. कारण समुद्रांनीं दुरावलेल्या देशांत त्यांना तेंच पान आढळत होतें. दक्षिण ध्रुवप्रदेशही त्याच भूमीचा अंश होता, याची साक्ष पुढें स्कॉट यांच्या दगडांनीं दिली. गळून चाललेल्या माणसांनीं तें ओझें कां टाकलें नाहीं, हेंही मग उमगतें. सदरांतील दोन परिच्छेदांमधील आडवी रेघ नेमका हाच धागा तोडते.

तिसऱ्याची गत तीच. तीं हाडें आजच्या तेलंगणांत निघालीं. परंतु ज्या खडकांतून निघालीं, त्यांस शास्त्रांत सिरोंचा तालुक्यांतील कोटा या लहानशा गांवाचें नांव आहे. त्याच तालुक्यांतून आलेल्या माझ्या एका विद्यार्थ्यास रवींद्रनाथांची गोष्ट पाठ होती. कोट्याची मात्र वार्ताही नव्हती. आणि ज्यांचें नांव साऱ्या पृथ्वीनें उसनें घेतलें, ते गोंड, ज्यांचें चंद्रपूरचें राज्य १७५१ पर्यंत टिकलें, ते तर या सदरांतून जवळजवळ बेपत्ताच असतात. आपल्याच अंगणांतील गोष्ट आपल्याच मुलांना परकी वाटावी, ही हानि लहान नाहीं.

कोणी म्हणेल, चार ओळींच्या जागेंत याहून अधिक काय सांगावें? शाळकरी मनांत ठिणगी पडली, हें थोडें आहे काय? ठिणगीचें मोल मीही जाणतों. पण चार ओळींच्या जोडीला ‘हें कशावरून?’ याचें उत्तर देणारी पांचवी ओळ लिहिण्यास अशी कितीशी जागा लागते?

आपल्या साहित्यशास्त्रानें विस्मयास अद्भुतरसाचा स्थायीभाव म्हटलें आहे. या लेखनांत विस्मय येतो खरा. परंतु पान उलटतांच जातो. जो टिकत नाहीं, त्यास स्थायी कसें म्हणावें?