आज्ञापत्रातले टोपीकर आणि घोडबंदरची खाडी

मंडळी, प्रस्थापितांविरुद्ध बंड करून उभं राहिलेलं राज्य आपलं परराष्ट्र धोरण कसं ठरवतं? घोषणांवरून, असं पटकन वाटतं. पण जगभर क्रांतीची हाक देणाऱ्या रशियानेसुद्धा 1921 मध्ये ब्रिटनशी व्यापार करार केलाच. आपल्याजवळ काय नाही, हे नव्या सत्तेला आधी पाहावं लागतं.

आपल्या स्वराज्याचंच बघा. 1660 मध्ये पन्हाळ्याच्या वेढ्यात राजापूरच्या इंग्रजांनी सिद्दी जौहरला मदत केली. पुढच्याच वर्षी शिवाजी महाराजांनी राजापूरची वखार लुटली. तरी 1674 मध्ये, राज्याभिषेकाच्या वेळी, त्याच इंग्रजांशी तह झाला. आणि 1679 मध्ये खांदेरीवर पुन्हा लढाई! याला धरसोड म्हणणं आम्हाला पटत नाही. इथे कायमचा मित्र कुणी नव्हता, समुद्रावरचा हक्क मात्र कायम होता.

हा अनुभव रामचंद्रपंत अमात्यांनी 1715 च्या सुमारास आज्ञापत्रात मांडला. टोपीकर हे इतर सावकारांसारखे नव्हेत, त्यांच्यामागे त्यांचे राजे आहेत, हे त्यांनी नेमकं ओळखलं. म्हणून वखारीला समुद्रकिनारी किंवा खाडीच्या मुखाशी जागा देऊ नये. द्यावीच लागली तर आत, काही कोसांवर द्यावी. आरमाराला तर त्यांनी राज्याचं स्वतंत्र अंगच मानलं.

निदान अचूक आहे. पण आमचा आक्षेप उपायावर आहे. हे सगळं धोरण एकविचाराचं राज्य गृहीत धरतं, आणि आज्ञापत्र लिहिलं गेलं तेव्हा सातारा आणि कोल्हापूर अशा दोन गाद्या झालेल्या होत्या! परका कुठे बसवावा हे ग्रंथ सांगतो. आपल्यातलाच कुणी त्याला बोलावून आणेल तर काय, याचं उत्तर त्यात सापडत नाही.

त्याची किंमत आपल्या या भागानेही मोजली. 1737 मध्ये मराठ्यांनी घोडबंदर पोर्तुगीजांकडून घेतलं, 1739 मध्ये वसई. पण 1756 मध्ये पेशव्यांनीच इंग्रजांच्या साथीने तुळाजी आंग्र्यांचं आरमार विजयदुर्गावर संपवलं. 1774 च्या अखेरीस इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला, आणि 1782 च्या सालबाईच्या तहात साष्टी त्यांच्याकडेच राहिली. मीरा-भाईंदर त्याच साष्टीत येतं.

तेव्हा आज्ञापत्र वाचताना नुसतं दूरदृष्टीचं कौतुक करून थांबू नये. घरातला तंटा मिटवणं हाही परराष्ट्र धोरणाचाच भाग असतो. ते कलम त्यात लिहायचं राहून गेलं.