टोळी दिसते, दोस्ती दिसत नाही

पोरगा गुंड का झाला, हे मराठी गुंडपटाला पाठ आहे. गिरणी बंद पडली, जमीन गेली. जयंत पवारांच्या 'अधांतर' नाटकावर बेतलेल्या महेश मांजरेकरांच्या 'लालबाग परळ'मध्ये (२०१०) धुरींच्या घरातला नरू १९८२ च्या गिरणी संपानंतरच्या वाताहतीत टोळीत जातो. प्रवीण तरडेंच्या 'मुळशी पॅटर्न'मध्ये (२०१८) जमीन विकून बसलेला बाप पुण्यात हमाली करतो आणि राहुल्याच्या हाती कोयता येतो. कारणं खरीच आहेत. पण टोळीत शिरल्यावर ही माणसं एकमेकांना कशाने बांधलेली असतात, हे पाहायला आपला सिनेमा थांबत नाही. तो लगेच घरी आईकडे परततो.

हाँगकाँगच्या कँटोनीज सिनेमाने नेमकं हेच पाहिलं. तिथे ग्वान यू हा निष्ठेचा देव पोलीसही पुजतात आणि ट्रायड टोळ्याही. जॉन वू यांच्या 'अ बेटर टुमारो'त (१९८६) दगाफटक्याने तुरुंगात गेलेल्या मित्रासाठी मार्क एकटा सूड घ्यायला जातो आणि एका पायाने कायमचा अधू होतो. मित्राचा सख्खा भाऊ मात्र पोलिसात. म्हणजे शपथेचा भाऊ एकीकडे, रक्ताचा दुसरीकडे. जॉनी टो यांनी 'इलेक्शन'मध्ये (२००५) या शपथेतली हवाच काढून घेतली. बंदुकीची एक गोळीही न झाडता, मासे धरायला सोबत आलेल्या जोडीदाराला नवा म्होरक्या दगडाने ठेचून मारतो. निष्ठा आधी मनापासून रंगवली होती, म्हणून तिचा खून इतका अंगावर येतो.

आपल्याकडे अशी दोस्ती रंगली ती हिंदीत. 'सत्या'तला (१९९८) भिकू म्हात्रे अस्सल मराठी. त्याच्या खुनाचा सूड त्याचा दोस्त सत्या गणपती विसर्जनाच्या गर्दीत घेतो. हे सुचलं हैदराबादहून आलेल्या राम गोपाल वर्मांना, याची आपल्याला थोडी लाज वाटायला हरकत नाही. 'दगडी चाळ'मध्ये (२०१५) निष्ठा आहे, पण टोळीप्रमुख डॅडींभोवती इतकी आरती ओवाळली जाते की टोळीत ओढल्या गेलेल्या सूर्याची घुसमट बाजूलाच राहते. अभिजित पानसेंचा 'रेगे' (२०१४) मला या सगळ्यांत धीट वाटतो. तिथे गिरणी नाही, जमीन नाही. एका वैद्यकीय विद्यार्थ्याला गुन्हेगारीचं नुसतं आकर्षण आहे. 'का'चं तयार उत्तर हाताशी नसल्यामुळे त्या पोराकडे नीट पाहावं लागतं.

मराठी गुंडपटाचा हा सगळा प्रवास मुंबई-पुण्याच्या पट्ट्यातच अडकलेला. आमच्या छत्रपती संभाजीनगरात अजिंठा-वेरूळ चित्रपट महोत्सव भरतो, जगाचा सिनेमा पाहणारी पोरं इथे आहेत. गोष्टही इथेच आहे: शहराजवळ शेंद्रा-बिडकीनला औद्योगिक पट्ट्यासाठी जमिनी गेल्या, मोबदल्याचे पैसे आले, प्लॉटिंगवाले फिरू लागले. उद्या यावर कोणी सिनेमा काढलाच, तर आधी रडणारा बाप आणि सातबारा येईल, अशी धास्ती वाटते. मला पाहायचे आहेत शाळेत एका बाकावर बसलेले दोघे. एक पोलीस भरतीसाठी पहाटे पळणारा, दुसरा प्लॉटिंगच्या धंद्यात कुणा भाऊंच्या गाडीत बसणारा. पहिल्याच्या भरतीच्या क्लासची फी दुसऱ्याने भरलेली असावी.