सायबर विमा घेतला, पण रिॲक्टरचं काय?

सायबर विमा डेटाचोरी, खंडणी, बंद पडलेला धंदा यांची भरपाई देतो. पण बोईसर-तारापूर एमआयडीसीत धोका फक्त डेटाला नाही. रासायनिक कारखान्यात तापमान, दाब सांभाळणाऱ्या यंत्रणेत कुणी घुसलं, तर स्फोट होऊ शकतो. असं नुकसान, जखमी कामगार सायबर पॉलिसी सहसा वगळते. आगीच्या पॉलिसीत सायबर हल्ला वगळलेला असू शकतो. दोन हप्ते भरूनही मधली फट उघडीच!

२०१७च्या नॉटपेट्या हल्ल्यानंतर मर्कसारख्या बड्या औषध कंपनीलाही ‘युद्ध’ वगळणाऱ्या कलमावरून विमा कंपन्यांशी कोर्टात भांडावं लागलं. तेवढी ऐपत इथल्या लघुउद्योजकाकडे कुठून येणार? म्हणून सही करण्याआधी दोन्ही पॉलिसी शेजारी ठेवा आणि काय वगळलंय, ते आधी वाचा.